लिग्नम व्हायटी : पाण्यात बुडणारे, तेलाविना चालणारे लाकूड

क्रिकेटच्या मैदानावर वाऱ्याचा जोर इतका वाढला की यष्ट्यांवरच्या बेल्स आपोआप खाली पडू लागल्या, तर पंचांना नेहमीच्या बेल्सऐवजी जड बेल्स वापरता येतात. बेल्सचे माप नियमाने ठरलेले असल्यामुळे त्या जाड किंवा लांब करून भागत नाही. वजन वाढवायचे तर लाकूडच बदलावे लागते. अशा जड बेल्स ज्या लाकडापासून करण्याची जुनी रीत आहे, त्याला व्यापारात लिग्नम व्हायटी म्हणतात. व्यापारात आजवर आलेल्या सर्वांत जड आणि सर्वांत कठीण लाकडांत त्याची गणना होते. मात्र जडपणा हा त्याचा एकच गुण आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा गुणही नव्हे. या लाकडाने घड्याळे तेलाविना चालवली, आगबोटींचे पंखे फिरवले आणि रक्त ओळखणारी एक वैद्यकीय चाचणीही दिली. ही सगळी कामे एकाच झाडाला कशी साधली, हे समजून घ्यायचे तर लाकडाच्या आतल्या रचनेपासून सुरुवात करावी लागते.

हे लाकूड ग्वायाकम या प्रजातीच्या झाडांपासून मिळते, आणि तिच्यातील ग्वायाकम ऑफिसिनाले व ग्वायाकम सँक्टम या दोन जाती व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. जमैका, क्यूबा, बहामा, हिस्पॅनिओला ही कॅरिबियन बेटे, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा हा त्यांचा मूळ प्रदेश असून सँक्टम ही जात अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळच्या बेटांवरही आढळते. विषुववृत्तीय प्रदेशातील कठीण लाकूड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट पर्जन्यवनातील उंच वृक्ष येतो. हे झाड तसे नाही. किनाऱ्यालगतच्या कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या जमिनीवर ते वाढते, दहा मीटरच्या वर क्वचितच जाते आणि त्याचे खोड बहुधा आखूड व वाकडेतिकडे असते. आपल्याकडे माळावर पसरणारा काटेरी गोखरू ज्या कुळातला आहे, त्याच कुळातले हे झाड आहे. गोखरू आणि ग्वायाकम यांच्यात बाह्यतः काहीही साम्य दिसत नसले, तरी कोरड्या आणि कठोर हवामानाशी जुळवून घेण्याची ताकद दोघांच्याही अंगी आहे. ग्वायाकमची पाने लहान आणि तुकतुकीत असतात, फुले निळी व पाच पाकळ्यांची असतात आणि ती जुनी होताना फिकट होत जातात. ऑफिसिनालेचे फूल हे जमैकाचे राष्ट्रीय फूल आहे, तर सँक्टम हा बहामाचा राष्ट्रीय वृक्ष आहे.

आता वजनाकडे वळू. लाकूड हलके की जड हे ते कोणत्या पदार्थाचे बनले आहे यावर फारसे अवलंबून नसते, कारण सर्व झाडांच्या पेशींच्या भिंती जवळजवळ एकाच पदार्थाच्या असतात आणि त्या भिंतींची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट भरते. म्हणजे लाकडाचा मूळ पदार्थ पाण्यात बुडणाराच आहे; वाळलेले लाकूड तरंगते ते पेशींच्या पोकळ्यांत अडकलेल्या हवेमुळे. बाल्सासारख्या लाकडात भिंती अतिशय पातळ आणि पोकळ्या मोठ्या असतात, त्यामुळे त्याचा एक घनमीटर ठोकळा दीडशे किलोच्या आसपास भरतो. सागाचा तेवढाच ठोकळा साडेसहाशे किलोच्या जवळपास असतो. लिग्नम व्हायटीचा मात्र १,२०० किलोच्याही पुढे जातो, आणि पाण्याचा एक घनमीटर १,००० किलोचा असल्यामुळे हे लाकूड सरळ तळाशी जाते. त्याच्या तंतूंच्या भिंती इतक्या जाड असतात की मधली पोकळी जेमतेम उरते, आणि जी उरते तिच्यात, तसेच पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांमध्येही, राळ भरलेली असते. भारतातील सर्वांत जड लाकडांत गणला जाणारा आपला अंजनही पाण्यात बुडतो. परंतु त्याच्या लाकडात ही राळ नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे खरा फरक तिथेच पडतो.

कठीणपणा मोजण्यासाठी जान्का चाचणी वापरतात. तिच्यात ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात तिच्या अर्ध्या व्यासापर्यंत रुतवण्यासाठी किती बळ लागते ते पाहतात. सागासाठी हा आकडा साधारण ४,७०० न्यूटन येतो, तर लिग्नम व्हायटीसाठी १९,५०० न्यूटनच्या आसपास, म्हणजे चौपटीहून थोडा अधिक. याच्या जोडीला तंतूंची मांडणीही वेगळी आहे. बहुतेक झाडांत तंतू खोडाच्या उभ्या दिशेत बऱ्यापैकी सरळ असतात आणि म्हणूनच कुऱ्हाडीचा घाव नेमका बसला की ओंडका उभा चिरतो. ग्वायाकममध्ये वाढीचा एक थर उजवीकडे वळत वर जातो, त्यानंतरचा थर डावीकडे वळतो, आणि हे आलटून पालटून चालत राहते. सुंभाच्या दोराचे पेड जसे उलटसुलट पिळामुळे एकमेकांना धरून ठेवतात, तसेच हे थर एकमेकांना सुटू देत नाहीत. त्यामुळे या लाकडाला चीर पाडणे फार अवघड जाते. सुताराची मोगरी, औषधांचे खलबत्ते, ब्रिटिश पोलिसांचे दंडुके आणि रबराचे चेंडू येण्यापूर्वीचे बोलिंगचे चेंडू याच लाकडाचे असत, ते या गुणामुळे.

राळ हा मात्र या लाकडाचा प्राण आहे. गाभ्याच्या लाकडात तिचे प्रमाण वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास असू शकते. ताजा कापलेला गाभा पिवळसर तपकिरी दिसतो. उजेड आणि हवा लागली की राळेतील घटकांचे ऑक्सिडीकरण होऊन तो हिरवट होत जातो आणि कालांतराने गर्द काळसर हिरवा होतो. भोवतालचे बाहेरचे लाकूड फिकट पिवळेच राहते. घासलेला तुकडा हातात घेतला तर तो मेण चोळल्यासारखा लागतो, त्याला मंद सुगंध येतो आणि बोट त्यावरून घसरते. ही राळ उष्णतेने मऊ होते, पाण्यात सहजी विरघळत नाही, आणि लाकडाला कीड व बुरशी यांपासून वाचवते.

घर्षण कमी करणारे वंगण लाकडाच्या आतच असणे किती मोलाचे आहे, हे ज्याने फार लवकर ओळखले तो जॉन हॅरिसन, इंग्लंडच्या ग्रामीण भागात वाढलेला, धंद्याने सुतार आणि छंदाने घड्याळजी. अठराव्या शतकात घड्याळाला घालायचे तेल प्राणिज किंवा वनस्पतिज असे. ते थंडीत घट्ट होई, काही महिन्यांत चिकट होई आणि घड्याळ मागे पडू लागे. त्या काळच्या घड्याळांच्या चुकांमागे यंत्ररचनेइतकाच या तेलाचाही हात होता. हॅरिसनने ब्रॉकल्सबी पार्क येथील तबेल्याच्या मनोऱ्यासाठी १७२२ च्या सुमारास जे घड्याळ केले, त्यात चाके ओकची घेतली आणि जिथे घर्षण होणार तिथे लिग्नम व्हायटी बसवले. तेल घालण्याची गरजच त्याने काढून टाकली. ते घड्याळ आजही चालते. पुढे समुद्रावर रेखांश अचूक मोजता यावा म्हणून ब्रिटिश संसदेने १७१४ च्या कायद्याने जाहीर केलेल्या २०,००० पौंडांच्या बक्षिसासाठी त्याने जी सागरी घड्याळे केली, त्यांतील पहिल्या तिन्हींमध्ये विनातेल चालण्याचे हेच तत्त्व होते. ज्या चौथ्या घड्याळाने त्याला यश दिले ते मात्र मोठ्या खिशातल्या घड्याळाएवढे होते आणि त्याला तेल लागे. त्यात लाकडाऐवजी हिरे आणि माणके वापरलेली होती. म्हणून लिग्नम व्हायटीने रेखांशाचा प्रश्न सोडवला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. एका सुताराला अचूकतेच्या त्या टप्प्यापर्यंत त्याने पोहोचवले, एवढे म्हणणे योग्य ठरेल.

त्याच शतकात शिडाच्या जहाजांवर हे लाकूड कप्प्यांमध्ये फिरत होते. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेला हजारभर कप्प्या लागत. कप्पीचे बाहेरचे घर एल्म या लाकडाचे आणि आतले चाक लिग्नम व्हायटीचे असा प्रघात होता. पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांच्या आराखड्याने उभारलेल्या यंत्रांवर १८०८ साली वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होत, आणि एकाच वस्तूचे यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचे ते अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील जहाजबांधणी कारागीर ब्रिटिश आरमारासाठी मलबारी सागाची जहाजे बांधत होते. १८१७ मध्ये तिथे बांधलेले ट्रिंकोमाली हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. जहाजाच्या सांगाड्यासाठी सागाला तोड नव्हती, कारण तो मापात राहतो, कुजत नाही आणि वजनाच्या मानाने भक्कम असतो. दोराच्या ताणाखाली सतत फिरणाऱ्या चाकाची गरज निराळी होती. उत्तम लाकूड कोणते, हा प्रश्न काम कोणते हे सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

लिग्नम व्हायटीची खरी कसोटी लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. आगबोटींच्या बाजूला असणारी मोठी चाके जाऊन पाण्याखाली फिरणारा पंखा आला. हा पंखा फिरवणारा लांब, जड दंड जहाजाच्या मागच्या भागातील नळीतून बाहेर पाण्यात जातो, आणि ही नळी पाण्याच्या पातळीखाली असते. दंडाला आधार देणारे बेअरिंग सुरुवातीला पितळेसारख्या धातूचे करत. तिथे तेल टिकत नसे, समुद्राचे पाणी वाळू घेऊन आत शिरे, धातूवर धातू घासला जाई आणि बेअरिंग इतक्या झपाट्याने झिजे की दंड खाली येऊन थरथरू लागे व नळीतून पाणी गळू लागे. १८५४ मध्ये ग्रीनिचचे अभियंते जॉन पेन यांनी यावरच्या उपायाचे पेटंट घेतले. त्यांनी धातूच्या नळीच्या आतल्या बाजूला लिग्नम व्हायटीच्या पट्ट्या खाचांमध्ये बसवल्या आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये पाण्याला वाहायला चर ठेवले. म्हणजे जे समुद्राचे पाणी आजवर बाहेर ठेवण्याची खटपट चालली होती, तेच त्यांनी वंगण म्हणून आत घेतले.

या बेअरिंगमध्ये नेमके काय घडते, ते थोडे जवळून पाहू. दंडाभोवती कांस्याचे वेष्टन असते, म्हणजे पोलाद गंजत नाही. दंड फिरू लागताना पहिल्या काही क्षणांत कांस्य लाकडावर प्रत्यक्ष घासते. त्या घर्षणाच्या उष्णतेने पृष्ठभागावरची राळ किंचित मऊ होते आणि पाण्याशी मिसळून साबणासारखा बुळबुळीत थर तयार करते. वेग वाढला की फिरणारा दंड स्वतःबरोबर पाणी ओढून घेतो आणि दंड व लाकूड यांच्यामध्ये पाण्याचा अतिशय पातळ पडदा तयार होऊन दंड त्यावर तोलला जातो. लाकूड उष्णतेचे वाहक नसल्यामुळे निर्माण होणारी उष्णता चरांतून वाहणारे पाणीच वाहून नेते. म्हणून हे बेअरिंग कोरडे चालवणे घातक ठरते. वाळूचा कण आत आलाच, तर तो धातूवर ओरखडा काढण्याऐवजी लाकडात रुतून बसतो. सर्वाधिक भार जिथे येतो त्या खालच्या अर्ध्या भागात पट्ट्या अशा बसवतात की तंतूंची टोके दंडाकडे येतील, कारण लाकूड तंतूंच्या आडव्या अंगापेक्षा टोकांच्या अंगाने कमी झिजते आणि झिजले तरी आतून नवी राळ वर येतच राहते. जहाज दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत चढवले तरी हे लाकूड ओले ठेवावे लागते, नाहीतर ते आकसून तडकते.

ही रचना पुढे सुमारे शंभर वर्षे जगभरच्या जहाजांवर टिकली. १९५४ मध्ये पाण्यात उतरलेल्या नॉटिलस या जगातील पहिल्या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीच्या दंडाच्या मागच्या बेअरिंगमध्येही हेच लाकूड होते. अमेरिकेतील सस्क्वेहॅना नदीवरील कॉनोविंगो या १९२८ साली सुरू झालेल्या जलविद्युत केंद्राच्या टर्बाइनांतही ते वापरले गेले. त्यानंतर कृत्रिम रबर, राळमिश्रित कापडाचे थर आणि निरनिराळी प्लॅस्टिके आली, तेलावर चालणारी बेअरिंगे आली, आणि या लाकडाची मागणी घटली. मात्र तेलावर चालणाऱ्या बेअरिंगमधून थोडे तेल नदीत किंवा समुद्रात झिरपण्याचा धोका असतो. त्यामुळे काही जलविद्युत केंद्रांनी अलीकडच्या काळात पाण्यावर चालणाऱ्या लाकडी बेअरिंगचा पुन्हा स्वीकार केला आहे. आधुनिक अभियांत्रिकीने एका जुन्या लाकडाकडे परत वळावे, यात मला नवल वाटत नाही. त्याचे गुण कधीच कमी झालेले नव्हते.

औषध म्हणून या झाडाचा इतिहास याहून जुना आणि बराच दुःखद आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सिफिलिसची भयंकर साथ पसरली. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक हे लाकूड औषधात वापरत असल्याचे स्पॅनिश लोकांनी पाहिले होते, आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्याचे ओंडके युरोपात येऊ लागले. रोग्याला बंद, तापलेल्या खोलीत ठेवून, जवळजवळ उपाशी ठेवून, लाकडाच्या भुशाचा काढा पाजत आणि घाम काढत. जर्मन विद्वान उलरिख फॉन हुटेन यांनी १५१९ मध्ये या उपचाराने आपण बरे झालो असे सविस्तर लिहिले. १५२३ मध्ये ते त्याच रोगाने वारले. सिफिलिसची लक्षणे काही काळाने आपोआप मावळतात आणि रोग शरीरात दबा धरून राहतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे त्या वेळी जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळत असे. लिग्नम व्हायटी, म्हणजे जीवनदायी काष्ठ, हे नाव त्याच आशेतून आले. आपल्याकडे हा रोग पोर्तुगीजांबरोबर आला, भावप्रकाशात त्याला फिरंगरोग म्हटले गेले, आणि त्यावर इकडे ग्वायाकमऐवजी चीनमधून येणारी चोपचिनी चालली. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात या चोपचिनीची चर्चा आहे.

सिफिलिस बरा करण्याची शक्ती या राळेत नव्हती, परंतु तिच्यात एक वेगळा गुण होता आणि तो विज्ञानाच्या कामी आला. राळेतील एक आम्ल ऑक्सिडीकरण झाले की निळे होते. हायड्रोजन पेरॉक्साइड हे ऑक्सिडीकरण घडवू शकते, पण एकटे ते फार संथ चालते. रक्तातील हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग त्याला वेग देतो. म्हणून राळ लावलेल्या कागदावर शौचाचा नमुना ठेवून पेरॉक्साइडचा थेंब टाकला आणि कागद निळा झाला, तर डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात आहे असे समजते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा प्राथमिक तपास करण्यासाठी ही चाचणी कित्येक दशके जगभर वापरली गेली. आधी तांबडे मांस किंवा कच्चा मुळा खाल्ला असेल तर रक्त नसतानाही निळा रंग येऊ शकतो, आणि क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेतली असेल तर रक्त असूनही रंग न येण्याचा संभव असतो. म्हणूनच चाचणीपूर्वी पथ्य सांगत. आता मानवी हिमोग्लोबिनच ओळखणाऱ्या अधिक नेमक्या चाचण्या तिची जागा घेत आहेत. खोकल्याच्या अनेक औषधांच्या बाटलीवर ग्वायफेनेसिन हा घटक लिहिलेला असतो, त्याचेही मूळ या झाडापर्यंत जाते; मात्र आज तो कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होतो आणि त्यासाठी झाड तोडावे लागत नाही.

हे लाकूड कामाला कसे असते, असे कोणी विचारले तर उत्तर दोन टोकांचे आहे. रंध्याखाली ते वैताग आणते, कारण उलटसुलट रेषांमुळे पृष्ठभाग उचकटतो आणि पात्याची धार लवकर जाते. राळेमुळे त्याला सरस नीट धरत नाही. जोड द्यायचाच असेल तर पृष्ठभाग आधी ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो. त्याची धूळ काहींच्या नाकाला आणि त्वचेला त्रास देते. कातारी मात्र त्याच्यावर खूश असतो, कारण लेथवर ते धातूसारखे नेटके कातले जाते आणि कसलेही पॉलिश न लावता चकाकते. सुकताना ते टोकांपासून तडकते, म्हणून ओंडक्याची टोके मेणाने बंद करतात. इतर लाकूड घनफुटावर विकले जाते, तर हे बहुधा वजनावर विकले जाते.

ज्या गुणांमुळे या लाकडाला मागणी आली, ते सर्व गुण झाडाच्या संथ वाढीतून येतात, आणि तोडीचा वेग मात्र चार शतके झाडाच्या वेगाशी कधीच जुळला नाही. परिणामी मोठ्या घेराची झाडे अनेक बेटांवरून जवळजवळ नाहीशी झाली आणि ऑफिसिनाले ही जात आज धोक्यात आलेली मानली जाते. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सँक्टमचा समावेश १९७५ मध्ये, ऑफिसिनालेचा १९९२ मध्ये आणि संपूर्ण प्रजातीचा २००३ मध्ये झाला. या परिशिष्टातील लाकडाचा व्यापार पूर्ण बंद नसतो, पण निर्यातदार देशाच्या परवान्याविना तो करता येत नाही. भारतानेही वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली केलेल्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली आहे, त्यामुळे परदेशातून कच्चा ठोकळा सहज म्हणून सामानात घालून आणणे कायदेशीर अडचणीचे ठरू शकते.

आज बाजारात लिग्नम व्हायटी म्हणून जे मिळते, त्यातले पुष्कळसे प्रत्यक्षात त्याच कुळातील दक्षिण अमेरिकी झाडांचे, म्हणजे व्हेरावुड किंवा पॅराग्वेकडील पालो सांतोचे असते. तेही जड, हिरवट, राळयुक्त आणि उजेडात गडद होणारे असते, आणि मोगरी, हत्यारांच्या मुठी किंवा कातकामासाठी ते पुरेसे चांगले आहे. सुगंधी द्रव्यांत जाणारे ग्वायाक तेलही या पालो सांतोपासूनच काढतात, आणि त्या झाडालाही २०१० मध्ये साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घ्यावे लागले. विकत घेणाऱ्याने म्हणूनच व्यापारी नावावर न थांबता वनस्पतिशास्त्रीय नाव आणि परवान्याची प्रत मागावी. जुन्या गोदामांतून, मोडीत काढलेल्या जहाजांच्या सुट्या भागांतून किंवा जुन्या बोलिंगच्या चेंडूंतून मिळणारे लिग्नम व्हायटी अनेक कारागीर पसंत करतात. शंभर वर्षांपूर्वी कापलेल्या तुकड्याचा वरचा पापुद्रा लेथवर काढला की आत तीच राळ, तोच सुगंध आणि उजेडाला पुन्हा हिरवा होणारा तोच गाभा निघतो.